रामदास बोटीची जलसमाधी

मुंबई–रेवस मार्गावरची 'रामदास' आगबोट १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून सुटली. सणासाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांनी ती खचाखच भरली होती. काशाच्या खडकाजवळ तुफान लाटांनी बोट एका बाजूला कलली. घाबरलेले उतारू जीव वाचवायला दुसऱ्या बाजूला धावले आणि काही मिनिटांतच ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईला खबर मिळाली ती पोहून किनाऱ्याला लागलेल्यांकडून, तीही काही तासांनी. खरी मदत पोहोचली रेवसच्या कोळ्यांची. खवळलेल्या समुद्रात होड्या घालून त्यांनी अनेकांना वाचवले. महिन्याभरातच स्वातंत्र्य आले. त्या धामधुमीत ही दुर्घटना कोकणाबाहेर फारशी कुणाच्या लक्षात उरली नाही.