प्रवासातला षड्ज

वाद्य बरोबर घेऊन प्रवासाला निघणाऱ्या माणसाची पहिली अडचण संगीताची नसते, सामानाची असते. तंबोरा साडेचार-पाच फूट लांबीचा. त्याचा भोपळा म्हणजे एका वाळलेल्या फळाची कवटी. गाडीच्या डब्यात तो वरच्या फळीवर ठेवावा तर कोणाची वळकटी त्यावर येऊन आदळेल याची शाश्वती नाही, आणि बाकाखाली तो मावत नाही. आमचे कुटुंब बडोद्याला स्थायिक झालेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे आबूला जात असू आणि आत्या आपला मिरजेचा तंबोरा मांडीवर आडवा धरून रात्रभर बसून राहत असे. एका वर्षी उतरल्यावर गवसणी काढली, तेव्हा भोपळ्याला बोटभर तडा गेलेला दिसला. कोणाचा धक्का लागला ते कधीच कळले नाही. पुढल्या सुट्टीत तंबोरा घरी राहिला आणि आत्याने सूरपेटी बरोबर घेतली.

ही घरगुती गोष्ट सांगण्याचे कारण असे, की भारतीय संगीताच्या आधुनिक इतिहासातील दोन मोठी स्थित्यंतरे अशाच निवडीतून झाली आहेत. सोय म्हणून प्रवासात घेतलेली वस्तू मुक्कामाला पोचल्यावर परत गेली नाही. ती घरात राहिली आणि घरातील गाणे तिने आपल्या मापाने बदलून घेतले.

पहिले स्थित्यंतर हार्मोनियमचे. अलेक्झांद्र दबँ याने पॅरिसमध्ये 1842 साली या नावाने एकस्व मिळवले, तेव्हा हे वाद्य पायाने भाता हलवण्याचे, खुर्चीवर बसून वाजवण्याचे होते. यूरोपीय लोकांबरोबर ते समुद्र ओलांडून आले ते मुख्यतः सुटसुटीत होते म्हणून: दमट हवेत पियानोच्या तारा उतरतात, पेटीच्या धातूच्या जिभा तेवढ्या लवकर उतरत नाहीत. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन पेढीने, जिची स्थापना 1875 सालची, हे वाद्य जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या हाती दिले. पायपेटीची हातपेटी झाली आणि कीर्तनकाराच्या, नाटक मंडळीच्या, तमाशाच्या फडाच्या सामानात ती सहज जाऊन बसली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने तिला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. परंतु तिच्या ठरीव स्वरांत श्रुतींना वाव नाही, मींड निघत नाही, हा आक्षेप तिच्यामागे लागलाच. आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली. रवींद्रनाथांचाही या वाद्याला विरोधच होता. बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडले. तोवर देशातल्या असंख्य घरांत मुलांचा पहिला ‘सा’ पेटीवरच लागून गेला होता. बंदी रेडिओवर होती. बैलगाडीवर आणि रेल्वेच्या डब्यावर नव्हती.

दुसरे स्थित्यंतर विजेचे. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी सिद्ध केलेले इलेक्ट्रॉनिक श्रुतियंत्र मद्रासच्या म्युझिक अकादमीच्या वार्षिक संमेलनात डिसेंबर 1979 मध्ये मांडले गेले. त्याच वर्षीच्या जुलैत जपानमध्ये सोनीचा वॉकमन बाजारात आला होता, हा निव्वळ योगायोग, पण बोलका. वॉकमनने प्रवाशाला दुसऱ्याचे गाणे बरोबर नेता येऊ लागले. बंगळूरच्या पेटीत गाणे मुळी नव्हतेच. तिच्यात होता केवळ आधार. गाणे ज्याचे त्याने आणायचे.

या आधाराची नक्कल करणे सोपे नव्हते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद व किंचित वक्र असतो. तार आणि घोडी यांमध्ये सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. छेडलेली तार त्या माथ्याला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि नादातून अधिस्वरांचा झोत बाहेर पडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या टिपणात यातली नवलाची गोष्ट नोंदवली. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या अधिस्वराचा निस्पंद असेल, तो अधिस्वर यूरोपीय शास्त्राच्या नियमाप्रमाणे ऐकू येता कामा नये. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र तो स्वच्छ ऐकू येतो. सुरुवातीच्या यंत्रांत विजेच्या आंदोलनांपासून नाद तयार होई. त्यात षड्ज अचूक, पंचम अचूक. पण तारेच्या अंगचा तो झोत नव्हता. पुढे खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनी अंकांत साठवून तोच वाजवणारी यंत्रे आली आणि कानाची तक्रार बरीच कमी झाली. पूर्णपणे गेली असे मी म्हणणार नाही.

त्याच सुमारास मुंबईत एका वादकाने याच्या नेमकी उलट वाट धरली होती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली, तीही डिस्कोच्या ठेक्यावर. त्यांचा रोलंड कंपनीचा ज्युपिटर-8 त्यांनी सिंगापूरला घेतला होता. हे धूड सुमारे 22 किलो वजनाचे. सोबत त्याच कंपनीचे टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303. हे शेवटचे यंत्र साधारण किलोभर वजनाचे, बॅटरीवर चालणारे. एकट्या गिटारवादकाला साथीला खर्जाचे गिटार मिळावे म्हणून बनवलेले. त्या कामाला ते कोणाला फारसे रुचले नाही. चरणजित सिंगांनी त्याच्यावर भैरव, यमन अशा रागांखालचा खर्ज सोपवला. ध्वनिमुद्रिका विस्मरणात गेली. 2010 मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांना तिच्यात शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीताची, ते जन्मण्याच्या काही वर्षे आधीची, चाहूल ऐकू आली. मला त्या कौतुकापेक्षा एवढेच महत्त्वाचे वाटते, की एकाकी वादकाच्या साथीसाठी केलेले यंत्र भारतीय माणसाच्या हाती येताच पहिल्याने आधारस्वर धरू लागले.

पुढे जपानने सामानाचा प्रश्न जवळजवळ मिटवला. यामाहाचे क्यूवाय-10 हे 1990 सालचे यंत्र व्हिडिओ कॅसेटएवढे. त्यात ताल, खर्ज आणि स्वरमेळ सगळे मावे, आणि सुट्टीवर गेलेला माणूस हॉटेलच्या पलंगावर बसून कर्णयंत्र लावून गीत रचू शके. आज हे सारे मोबाइलमध्ये आहे. काय न्यावे हा प्रश्नच उरला नाही. आणि त्याबरोबर काय मागे ठेवावे, याचा विचार करण्याची सवयही सुटली.

कारण तंबोऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट प्रवास करीत असे: तो छेडणारा माणूस. गुरूच्या मागे बसून तासन्‌तास चार तारा छेडणारा शिष्य ऐकण्याचेच शिक्षण घेत असतो. यंत्राने त्याची जागा मोकळी केली. मिरजेत शिकलगार घराण्याने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेल्या तंबोऱ्याच्या कारागिरीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येणारे भोपळे आजही तेथे निवडून घेतले जातात. या मानांकनाचा आनंद आहेच. पण अशी मोहोर उमटवण्याची निकड वाटते ती बहुधा धोक्यात आलेल्या वस्तूंच्याच बाबतीत, हेही खरे. उलट बाजूही तितकीच खरी. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणारी, तंबोऱ्याला कोणी बसवू न शकणारी, परमुलखात एकटी पडलेली किती तरी माणसे त्या पेटीमुळेच गात राहिली. त्यांना ‘तुमचा आधार खोटा आहे’ असे सांगण्याचा अधिकार मला तरी नाही.

आत्याने अशी पेटी घेतली ती 1986 साली, आबूला नेण्यासाठीच. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी वीज गेली, तेव्हा तिने त्यात चार सेल घातले आणि अंधारात तोडी गायली. परतल्यावर पेटी कपाटात जायची होती. ती देवघराशेजारच्या तिवईवर राहिली, कारण पहाटे एकटीने उठून सूर जुळवत बसण्यापेक्षा कळ फिरवणे सोपे होते. तंबोऱ्याचा तडा भरून आणला होता. दिवाळीच्या आधी गवसणी काढून ती त्याची धूळ पुसत असे, आणि खुंट्या न पिळताच एकदा चारही तारांवरून बोट फिरवत असे. जोडीच्या तारा उतरलेल्या असत. खर्ज मात्र बराचसा जागेवर असे.