प्रत की स्थलांतर? : जपानमधील गृहचित्रमुद्रणाच्या निर्बंधांचा इतिहास

घरी मुद्रित केलेल्या कार्यक्रमावर प्रेक्षकाचा अधिकार किती, हा प्रश्न जपानमध्ये डिजिटल प्रक्षेपणामुळे ऐरणीवर आला. १ डिसेंबर २००३ रोजी टोकियो, ओसाका व नागोया परिसरांत भूस्थित डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले; एप्रिल २००४ पासून त्यास ‘कॉपी वन्स’ हे बंधन लागू झाले. हार्ड डिस्कवरील मुद्रण हीच एकमेव अनुज्ञेय प्रत मानली गेली. परिणामी ते डीव्हीडीवर घेताना प्रत निघत नसे, स्थलांतर होई. मूळ मुद्रण पुसले जाई. प्रक्रिया मध्येच फसली, तर कार्यक्रम दोन्हीकडून जाई. (कॅसेटच्या काळात प्रत काढली म्हणून मूळ फीत कोरी होत नसे, हे विसरता येत नाही.)

४ जुलै २००८ रोजी ‘डबिंग टेन’ नियम आला : नऊ प्रती आणि दहाव्या वेळी स्थलांतर. हा बदल २ जूनला व्हावयाचा होता. परंतु हक्कधारकांना द्यावयाच्या मोबदल्यावरून त्यांच्यात व उपकरण-उत्पादकांत वाद होऊन तो लांबला. तडजोड उदार भासते; तथापि तबकडीवरील प्रतीची पुन्हा प्रत काढण्यास मनाईच राहिली. शिवाय त्या दिवसापूर्वीची मुद्रणे जुन्याच बंधनात अडकून पडली. इतिहासाभ्यासकास उणीव जाणवते ती नेमकी याच मुद्रणांची.