उंदराला औषध नक्की किती वाजता दिलं?

शनिवार, २५ मे १९४०. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी सकाळी अकराच्या सुमारास आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस जंतू टोचले, प्रत्येकी जवळजवळ ११ कोटी. चार उंदरांना तसंच सोडलं. उरलेल्या चौघांना तासाभराने पेनिसिलीन दिलं: दोघांना एकदाच, दोघांना थोडं थोडं करून अनेकदा. नॉर्मन हीटली हा सहकारी रात्री उशिरापर्यंत पिंजऱ्यांपाशी थांबला. पहाटे पावणेचारपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. औषधवाले चारही जिवंत होते.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. माझं लक्ष दरवेळी त्यातल्या त्या एका तासाकडे जातं. जंतू शरीरात शिरले आणि तासाभरात औषध मिळालं, असा पेशंट खऱ्या आयुष्यात कधी भेटतो? पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याच गटाने अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसावर पेनिसिलीन वापरलं, तेव्हा तो कित्येक आठवडे संसर्गाने पोखरलेला होता. औषधाने तो सुधारायला लागला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून त्यालाच दिलं, तरी पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला.

म्हणजे सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेला इतका बेताल प्रतिसाद, की स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात) उंदरात अभ्यासायचा तर कोणतं औषध दिलं याच्याइतकंच ते कधी दिलं हे महत्त्वाचं आहे. आणि या 'कधी'कडे आमच्या क्षेत्राने बरीच वर्षं काणाडोळा केला, असं माझं मत आहे.

आधी प्राण्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्याशिवाय सल्फा औषधं कदाचित सापडलीच नसती. गेरहार्ड डोमाक यांनी जर्मनीत १९३२ च्या अखेरीस प्रॉन्टोसिल नावाचा लाल रंग स्ट्रेप्टोकॉकसच्या उंदरांना दिला आणि ते वाचले. हाच पदार्थ काचेच्या नळीत जंतूंवर काहीच करत नव्हता. कारण १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कळलं: शरीरात प्रॉन्टोसिल तुटून सल्फानिलामाइड तयार होतं, आणि खरं काम ते करतं. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेतही १९४० च्या आसपास साहिब सिंग सोखी आणि त्यांचे सहकारी प्लेगच्या उंदरांवर सल्फा औषधं तपासत होते.

'कधी'चा प्रश्न नीट हातात घेतला तो हॅरी ईगल यांनी. १९५२ च्या सुमाराचं त्यांचं काम आजही वाचण्यासारखं आहे. उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग केला आणि पेनिसिलीन मुद्दाम उशिरा दिलं, तर उंदीर मरत होते. गंमत म्हणजे जंतू पेनिसिलीनला रुळलेले नव्हते. संख्या खूप वाढली की जंतूंची वाढ मंदावते, आणि पेनिसिलीन घाव घालतं ते जंतू आपली भिंत बांधत असताना. बांधकामच थांबलं असेल तर औषध कशावर चालणार?

१९८८ मध्ये डेनिस स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी हेच पुन्हा करून पाहिलं, यावेळी उंदराच्या स्नायूत संसर्ग करून. दोन तास उशीर झाला की पेनिसिलीनचा उपयोग शून्य. क्लिंडामायसिन मात्र ६ तासांनी दिलं तरी ८० टक्के उंदीर जगले, साडेसोळा तासांनी दिलं तरी ७० टक्के. हे औषध जंतूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद पाडतं, त्यामुळे विषारी प्रथिनंही थांबतात आणि वाढ मंदावलेले जंतूही सुटत नाहीत. आज गंभीर स्ट्रेप्टोकॉकस संसर्गात डॉक्टर पेनिसिलीनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतात, त्यामागे हे उंदीर आहेत. घड्याळ लावून केलेला प्राण्यांवरचा प्रयोग किती कामाचा असतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. जंतू मारायची औषधं तर आहेत, तरी माणसं मरतात. तेव्हा दोष शरीराच्या प्रतिसादाचा, असा विचार पुढे आला. विचार चुकीचा नव्हता. १९८५ मध्ये ब्यूटलर, मिल्सार्क आणि सेरामी यांनी उंदरांना टीएनएफ या दाहक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं आधी दिली, मग एंडोटॉक्सिन टोचलं, आणि उंदीर तगले. १९८७ मध्ये ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवर जिवंत ई. कोलाय वापरले. प्रतिपिंड दोन तास आधी दिलं तर माकडं वाचली. एकच तास आधी दिलं तर शॉक टळला, पण अवयवांची हानी टळली नाही.

आधी! आयसीयूत येणारा माणूस दोन तासांनी आपल्याला सेप्सिस होणार आहे असं सांगून येत नाही. शिवाय एंडोटॉक्सिनच्या प्रयोगात जंतूच नसतात, त्यामुळे अँटिबायोटिकचा प्रश्नच येत नाही. खऱ्या पेशंटला मात्र नवं औषध मिळायच्या आधीच अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू झालेलं असतं. नव्वदच्या दशकात माणसांवरच्या टीएनएफविरोधी चाचण्या एकामागून एक फसल्या. १९९६ च्या एका चाचणीत तर डोस वाढला तसे मृत्यू वाढले. याला फक्त वेळच जबाबदार होती असं मी म्हणणार नाही. उंदीर आणि माणूस यांच्यात फरक भरपूर आहेत. पण वेळेचा दोष निदान आपल्या हातातला होता.

अमेरिकेत चार्ल्स नॅटन्सन यांच्या गटाने वेगळी वाट धरली होती. कुत्र्याच्या पोटात ई. कोलाय असलेली रक्ताच्या गुठळीसारखी गाठ ठेवायची आणि मग छोट्या आयसीयूसारखे उपचार करायचे. १९९० च्या त्यांच्या प्रयोगात नुसत्या अँटिबायोटिकने थोडे जगले, रक्तदाब सांभाळणाऱ्या नुसत्या उपचारांनीही थोडेच. दोन्ही एकत्र दिल्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण त्या दोन्हींच्या बेरजेहूनही जास्त निघालं.

फुफ्फुसाचं गणित आणखी गुंतागुंतीचं आहे. १९४६ मध्ये बॅरी वूड यांनी न्यूमोनिया झालेल्या रॅटच्या फुफ्फुसात दाखवलं, की सल्फा औषध न्यूमोकॉकसची वाढ रोखतं, पण त्यांचा फडशा पाडतात त्या पांढऱ्या पेशी. याच पेशी अति झाल्या तर फुफ्फुसातल्या नाजूक पडद्याचं नुकसान करतात, आत पाणी झिरपतं, ऑक्सिजन रक्तात जाईना होतो. जंतू मेले म्हणून पडदा लगेच भरून येत नाही. त्यात काही अँटिबायोटिक्स स्वतःच दाह कमी करतात, उदाहरणार्थ मॅक्रोलाइड्स. मग उंदीर सुधारला तो जंतू मेल्यामुळे की दाह उतरल्यामुळे, हे वेगळं काढायला बराच घाम गाळावा लागतो.

२००६ मध्ये आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या २,१५४ पेशंटच्या नोंदी तपासल्या. रक्तदाब घसरल्यानंतर पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी होत होतं. हा जुन्या नोंदींचा अभ्यास, त्यामुळे आकडा जपून वापरायचा. पण त्याच वर्षी त्यांनी उंदरांतही तेच पाहिलं: संसर्गानंतर १२ तासांपर्यंत औषध मिळालेले बहुतेक जगले, १५ तासांनी किंवा नंतर मिळालेले बहुतेक मेले.

२०१७ मध्ये व्हिएन्नात १३ देशांतले ३१ तज्ज्ञ जमले आणि सेप्सिसच्या प्राणी-प्रयोगांसाठी शिफारशी ठरवल्या. माणसांसाठीचं औषध तपासत असाल तर प्राण्यांना अँटिबायोटिक आणि सलाईन द्या, आणि उपचार संसर्गानंतर सुरू करा. वाचायला इतकं साधं, की हे लिहून का द्यावं लागलं असं वाटतं. म्हणून हल्ली कुठलाही पेपर हातात आला की निष्कर्षांच्या आधी मी मेथड्समध्ये तास शोधते.

अडचण अशी की अँटिबायोटिक आणि सलाईन नीट दिलं की बरेच उंदीर आपोआप जगतात. मग नव्या औषधाने पडणारा फरक दिसायला जास्त उंदीर लागतात, जास्त पैसे लागतात, आणि नैतिकता समितीपुढे त्या प्रत्येक उंदराचा हिशोब द्यावा लागतो. औषध न देता प्रयोग केला तर आकडे झटकन देखणे येतात, आणि पेपर छापायला देखणे आकडे बरे पडतात.