लोकरीच्या दुकानाचा इतिहास

आपल्या पेठेतील लोकर-दोऱ्याचे दुकान लहान, पण त्याच्या फळीवर मोठा इतिहास आहे. भरतकामाच्या लडीवर ‘डीएमसी’ ही अक्षरे असतात. ही पेढी आज फ्रान्समध्ये असलेल्या म्यूलूझ गावी १७४६ साली छापील कापडासाठी निघाली. दोरा मागाहून आला. लडी सहापदरी असते. दोरा संपला तरी नंबर सांगितला की तोच रंग मिळतो. लोकरीचे तसे नाही. एकाच लॉटची सगळी एकदम घ्यावी, नाहीतर छटा जुळत नाही.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले. तेथे शिवणकाम शिकून कित्येक निराधार बायकांना पोटाचा आधार मिळाला. १९६२ साली चीनने आक्रमण केले, तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. माझ्या सासूबाई तेव्हा शाळेत होत्या; त्याही विणीत.

आता तयार स्वेटर स्वस्त मिळतात आणि दुकानात गिऱ्हाईक थोडे. दुकान बंद पडले तर लोकर दुसरीकडे मिळेल. पण चुकलेला टाका गल्ल्याशी उभे राहून समजावून देणारे कोणी मिळणार नाही. म्हणून यंदा घरातील एका तरी मुलासाठी लोकर तेथूनच घेऊ या.