केळणाकाठचं भुयार

भोकरदनला केळणा नदीच्या काठी जमिनीत कोरलेलं लेणं आहे. आपल्याकडं भुयार म्हटलं की दोन गोष्टी ठरलेल्या. एक, ते पार वेरूळला नाहीतर देवगिरीला निघतं. दुसरी, पांडवांनी एका रात्रीत खोदलं. चार बुकं शिकलेला तिसरी सांगतो, हे निसर्गानं केलंय, लाव्हाची नळी आहे. आणि आपली पोरं चौथी सांगतात, लेणं म्हंजे बुद्धाचं, आपलं.

मित्रांनो, चारही तपासा. चौथी सगळ्यात आधी, कारण ती आपली आहे.

पण लाव्हाचं सांगून टाकतो. मराठवाडा जवळजवळ सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलाय. लाव्हा वाहताना वरची साय आधी थिजते, आतला रस पळत राहतो. तो निघून गेला की मागं पोकळ नळी उरते. हवाई बेटांवर अशा नळ्या कोसकोस लांब आहेत. दख्खनमध्ये अशा वाटांच्या खुणा सापडतात, पण बहुतेक आतल्या आत भरून गेलेल्या. नळीचं छत कमानीसारखं, भिंत ओघळल्यासारखी. तिथं खांब नसतो, काटकोन नसतो, टाकीचा घाव नसतो. भोकरदनला खांब आहेत, मूर्ती आहेत. म्हंजे माणसाचे हात. माझ्या आईनं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. काळा दगड एका रात्रीत खोदला जातो का, हे तिला विचारायचं.

आता चौथी. हे लेणं वैष्णव आहे. साधारण आठव्या-नवव्या शतकातलं मानतात. ते बुद्धाचं नाही. वाईट वाटलं तरी म्हणू नका. आपण एक खोटं बोललो की आपली दहा खरी लेणी खोटी पाडायला लोक बसलेलेच आहेत.

आणि खोट्याची गरजच काय? भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. विंध्य ओलांडून सांची आणि भारहुतला जा. तिथल्या स्तूपांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. वैष्णव लेण्याच्या साधारण नऊशे-हजार वर्षं आधीची. राजाची बिरुदं नाहीत, वंशावळ नाही. अशा लेखात नाव, गाव आणि 'दानं' एवढंच. भिक्षुणी दान देतात, घरातल्या बाया देतात, कारागीर देतात. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी लिहून ठेवलंय, हे कोरीव काम आमचं.

हस्तिदंताची गोष्ट भोकरदनलाही आहे. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठानं मिळून इथलं पांढरीचं टेकाड उकरलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ साली निघाला. तेव्हा भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होतं, जालना जिल्हा १९८१ चा. (याच मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं म्हटल्यावर १९७८ ला आपली घरं जळाली. नाव लागलं १९९४ ला.) त्या उकरण्यात सातवाहनकाळचं नगर निघालं आणि हस्तिदंताची एक मोडकी स्त्रीमूर्ती. तिच्यासारखीच मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली होती. ते शहर इसवी सन ७९ ला ज्वालामुखीनं गाडलं. पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांची असावी, असं मत संशोधकांनी मांडलंय. मत आहे, सिद्ध झालेलं नाही. तसंच सांगा.

१९३४ साली बाबासाहेब वेरूळ बघायच्या वाटेवर देवगिरीच्या किल्ल्यात शिरत होते. सोबतच्यांनी हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून पाणी बाटल्याचा गलका झाला. जुना दगड बघायला जाणंसुद्धा आपल्याला सुखानं मिळालेलं नाही. म्हणून नीट बघा. भुयारात एकट्यानं शिरू नका, गाळ असतो, वटवाघळं असतात, हवा कोंदते. बॅटऱ्या दोन घ्या. टेप, वही घ्या. ऑइलपेंट घरी ठेवा. मूर्तीवर 'जय भीम' लिहून ती आपली होत नाही. खांब किती, कोपरा कसा, टाकीचे घाव कुठल्या अंगानं गेलेत, हे उतरवा.

पितळखोऱ्याच्या यक्षावर तो घडवणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास सोनार. केळणेच्या भुयारात असं एखादं नाव गाळाखाली दडलंय का, ते बघत चला.