अरबांचा मरफा आणि आपला ताशा

आमचे पलसाणा हे जुन्या गायकवाडी मुलखातील गाव. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ते नवसारी प्रांतात मोडत असे. येथे इतिहास शिकविताना मराठ्यांच्या फौजांचा विषय निघाला की आम्ही सरदारांची नावे सांगतो, लढायांची साले सांगतो आणि पुढे जातो. मागे एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, ताशा हा शब्द मूळचा आपलाच काय?" त्या वेळी आम्ही उत्तर टाळले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

येमेनच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात 'बरा' नावाचे पुरुषांचे नृत्य आहे. कमरेचा वाकडा खंजीर, म्हणजे जंबिया, हाती घेऊन टोळीतील पुरुष अर्धवर्तुळात उभे राहतात. एक म्होरक्या पावले ठरवितो. आरंभीची संथ लय क्रमाक्रमाने द्रुत होत जाते आणि अखेरीस मोजकेच कसलेले नर्तक रिंगणात उरतात. साथीला दोन वाद्ये असतात: बारीक काड्यांनी वाजविण्याचा उथळ 'तासा' आणि खर्जाचा, खोल बुडाचा 'मरफा'. दक्षिणेकडील हद्रमौत प्रांतात 'हाजिर' हा मोठा ढोल व 'मिरवास' हा लहान दुतोंडी ढोल प्रचारात आहे. हाच मिरवास हद्रमी दर्यावर्दी मंडळींबरोबर मलायात पोचला आणि तेथील 'झापिन' नृत्याचे मुख्य वाद्य झाला.

हिंदुस्थानात हे हद्रमी लोक दोन वाटांनी आले. एक वाट विद्येची व व्यापाराची. सुरतेच्या सय्यदपुऱ्यातील ऐदरूस घराण्याची मशीद ह्या वाटेची साक्ष देत आजही उभी आहे. दुसरी वाट तलवारीची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी सत्ताधीशांनी अरब शिबंदी मोठ्या प्रमाणावर चाकरीस ठेविली. बडोद्यास तर तिचा एवढा दरारा वाढला की, दरबाराच्या करारांना अरब जमादारांची जामीनकी, म्हणजे 'बहांदरी', असल्यावाचून कोणी विश्वास ठेवीत नसे. थकलेल्या पगारावरून हे अरब दरबारावरच उलटले. तेव्हा डिसेंबर १८०२ मध्ये इंग्रजी फौजेने बडोद्यास वेढा घालून त्यांना शरण आणिले. पेशवाई बुडाल्यावरही मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी १८१८ च्या मे-जूनमध्ये इंग्रजांशी जवळजवळ महिनाभर निकराची झुंज दिली. धनी उरला नसताना लढलेल्या ह्या चाकरांविषयी आमची पाठ्यपुस्तके एक ओळही खर्चीत नाहीत.

त्यांचा खरा आश्रयदाता मात्र निजाम. हैदराबादेत व मराठवाड्यात अरबांची वस्ती वाढली. हैदराबादेतील 'बारकस' हे वस्तीचे नाव इंग्रजी 'बॅरक्स'चाच अपभ्रंश होय. मराठवाड्यात त्यांस 'चाऊस' म्हणतात. हा मूळ तुर्की लष्करी हुद्दा; पुढे तो आडनाव होऊन बसला. निजामाचा एक जमादार, उमर बिन अवद अल-कुऐती, ह्याने येथे मिळविलेल्या पैशाच्या बळावर त्याच्या घराण्याने हद्रमौतात एक राज्यच उभारले आणि ते १९६७ पर्यंत टिकले. चाकरीबरोबरच अरबांनी सावकारीही केली आणि ती कठोरपणे केली, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांच्या तगाद्याची धास्ती घेतलेल्या कुणब्यांचे दुःख वगळून लिहिलेला इतिहास खरा होणार नाही.

ह्या शिबंदीबरोबर मरफा आला. लग्नाच्या वरातीत वाडग्याच्या आकाराचे मरफे, डफ, ढोल आणि लाकडी थाप्या ह्यांचा एकच गजर होतो. चामडे सैल पडले की ते विस्तवावर शेकून ताणून घेतात. तरुण मंडळी तलवार वा जंबिया नाचवीत फेर धरतात. हैदराबादेत निजामाच्या आफ्रिकी घोडदळातील सिद्दी वादकांनीही हे वाद्य आपलेसे केले, आणि पुढे त्यातील 'तीन मार' हा ठेका हिंदूंच्या लग्नांत व गणपतीच्या मिरवणुकींतही शिरला.

१८ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या फौजेचे सेनापती अल-ऐदरूस ह्यांनी जनरल चौधरी ह्यांच्यापुढे शरणागती पत्करली. सुरतेच्या मशिदीशी जडलेले ऐदरूस हे नाव असे पुन्हा आपल्या इतिहासात येते. त्यानंतर अरब पलटणी मोडल्या आणि कित्येक अरबांची समुद्रापलीकडे रवानगी झाली. जे राहिले त्यांची चाकरी गेली, हत्यार गेले, भाषाही हळूहळू गेली. वाद्य तेवढे राहिले.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. ताशा, डफ, नगारा हे तिन्ही शब्द अरबी-फारसी कुळातले आहेत. म्हणून ताशा अरब शिबंदीनेच आणिला, असे मात्र म्हणता येणार नाही. मुसलमानी अमलाबरोबर असे शब्द त्यापूर्वीच येथे रुळले होते. शब्दाचे कूळ आणि वाद्य येण्याचा काळ ह्या दोन गोष्टी निराळ्या ठेविल्या पाहिजेत. परंतु येमेनचा तासा व आपला ताशा हे एकाच गोताचे, उथळ बुडाचे व दोन काड्यांनी वाजणारे आहेत, एवढे निश्चित.

आणखी एक साम्य आम्हांस अधिक बोचते. येमेनात खंजीर नाचविणारा टोळीवाला स्वतः वाद्यास हात लावीत नसे. ते काम हलक्या मानलेल्या सेवेकऱ्यांचे. आपल्याकडे हलगी वाजविणाऱ्या मांगाच्या वाट्याला काय आले, हे वाचकांस सांगावयास नको. नाचणाऱ्याचा मान मोठा आणि ज्याच्या हातावर नाच चालतो तो मात्र उंबऱ्याबाहेर! समुद्राच्या दोन्ही तीरांवर माणसाने हा एकच अन्याय केला.

म्हणून शिक्षकबंधूंना आमची एवढीच विनंती आहे: आपल्या गावी चाऊसांचे, सिद्दींचे वा हलगीवाल्यांचे घर असेल, तर तेथील वृद्धांकडून ठेक्यांची नावे आणि वाजविणाऱ्यांची नावे, दोन्ही उतरवून घ्यावीत. सरदारांची नावे बखरींनी राखिली आहेत. ह्यांची आपण न राखिली, तर ती कोणीही राखणार नाही.