कराची–मुंबई: सव्वासात तास

मंडळी, कराची ते मुंबई किती लांब? नकाशावर सरळ रेघ ओढली तर नऊशे किलोमीटरसुद्धा भरत नाही. जेटला दीड तास पुष्कळ.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून निघाले. एका इंजिनाचं पस मॉथ विमान, सोबत साधारण २५ किलो टपाल. लंडनचं टपाल इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत उडत यायचं आणि तिथून पुढे रेल्वेने रखडायचं. ते रखडणं वाचवायचं होतं. वाटेत अहमदाबादला उतरले, तर पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले! तरीही दुपारी दोनच्या आत जुहू. (जुहूचा तळ पावसाळ्यात चिखलात जायचा, मग सगळा कारभार पुण्याला, येरवड्याला.) एकूण सव्वासात तास.

आता आजचं बघा. थेट विमान नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. आमच्या नेटवर्कवाल्यांच्या भाषेत, लिंक डाऊन. म्हणजे दुबईमार्गे जायचं: आधी सुमारे १२०० किलोमीटर पश्चिमेला, मग सुमारे १९०० उलटं पूर्वेला. नुसतं उडण्यातच पाच तास जातात. त्यात दुबईतलं ताटकळणं धरा, की बैलगाडीच्या पेट्रोलवाल्या पस मॉथशी आरामात बरोबरी. अर्थात व्हिसा मिळाला तर.